आधी मेंढरं

वाडा म्हटलं की लोकांना चिरेबंदी भिंती आणि सागवानी खांब दिसतात. आमचा वाडा चालायचा. दोनशे-अडीचशे मेंढरं, दोन घोड्या, दोन कुत्री, खुराड्यात चार कोंबड्या आणि त्यांच्या मागेपुढे आम्ही माणसं, एवढं सगळं मिळून धनगरांचा वाडा होतो. मी बावीस वर्षं शाळेत शिकवलं. दरवर्षी एखादा नवा मास्तर विचारायचाच, बाई, तुमचा वाडा नेमका कुठं होता? मी सांगायची, रोज वेगळ्या ठिकाणी. त्याला वाटायचं, बाई चेष्टा करतात.

ह्या वाड्याचा एक कायदा होता, आणि तो माझ्या आजोबांनी, सटवा धनगराने, डोळ्यांत तेल घालून सांभाळला होता. आधी मेंढरं, मग माणसं. दिवसाचं पहिलं पाणी मेंढरांच्या पोटात गेल्याशिवाय माणसाने घोटभरसुद्धा प्यायचं नाही. घोडीच्या पाठीवर भरलेली घागर डुचमळत असली तरी नाही. मेंढरं प्याली की घोड्या, घोड्यांनंतर कुत्री, मग बाया, मग गडी, आणि सगळ्यांत शेवटी आजोबा. पाऊसपाणी बरं असेल तेव्हा ह्या कायद्याचं ओझं कुणाला वाटत नाही. ऊन तापायच्या आत मेंढरं ओढ्यावर पोचतात, पितात, आणि माणसं मागोमाग ओंजळ भरतात. दुष्काळात मात्र मेंढरांना पाणी कधी दुपारी मिळतं, कधी दिवस मावळताना, आणि कधी दुसऱ्या दिवशी.

मला ह्या कायद्याचा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. गोष्ट संपेपर्यंत तो मावळेल असं कुणी समजू नये.

त्र्याहत्तरचा चैत्र होता. आदल्या वर्षी पाऊस आलाच नव्हता आणि त्याच्या आदल्या वर्षी आल्यासारखा करून गेला होता. मी तेव्हा पाच महिन्यांची होते, म्हणजे तिथे होते आणि नव्हतेही. जे सांगते आहे ते आईने सांगितलेलं. आईचं नाव मनकर्णा. तिने ही हकिकत सबंध अशी मला एकदाच सांगितली आणि पुढे तुकड्यातुकड्यांनी कितीदा तरी. दर वेळी सांगताना ती उठून उभी राहायची. बसून सांगायची तिला सवयच नव्हती.

वडवणीच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची वस्ती. तिथून निघायचं आणि दिंद्रुडवरून गंगथडीला उतरायचं, असं आजोबांनी ठरवलं. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगेच्या डोहात पाणी आहे आणि काठाने थोडा पाला आहे, अशी कुणीतरी खबर आणली होती. निघताना दोनशे बारा मेंढरं होती. माणसं चारच. आजोबा, आजी जाईबाई, माझे वडील ज्ञानोबा, आणि आई. मी पाचवी, पण मला माणसांत धरायचं की सामानात हा प्रश्नच होता, कारण मी घोडीवर कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी झोळीत बांधलेली असायची.

चालायची रीत अशी की गडी मेंढरं घेऊन रानारानाने जाणार, जिथे वाळकी काडी दिसेल तिथे तोंड लावू देत. बाया घोड्या घेऊन सडकेने पुढे. पुढे जाऊन पाणी बघायचं, जागा बघायची, तीन दगड मांडून चूल करायची आणि मेंढरांची वाट बघायची. म्हणजे पाण्याशी पहिल्यांदा पोचायच्या त्या बाया, आणि प्यायचा नंबर मात्र मेंढरांनंतर. दोनदोन तास पाण्याच्या कडेला कोरड्या तोंडाने बसून राहायचं. ज्याने हा कायदा केला तो नक्की गडी असणार, असं मी एकदा आईला म्हटलं, तर ती हसली आणि म्हणाली की तो कायदा केला असेल तो मेंढ्यांनीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या दिंद्रुडच्या वाटेला लागल्या. मेंढरांनी आदल्या दिवशी दुपारी एका विहिरीवर चार-चार घोट पाणी पाहिलं होतं, त्यानंतर काही नाही. आजी पुढे, तिची घोडी तेज चालीची. आई मागे पडलेली, कारण मी रडत होते. आईला दूध येईना. दोन दिवस मी ओढत होते आणि काही निघत नव्हतं. आधी मी जोराने रडायची, त्या सकाळी नुसता बारीक आवाज काढत होते, आणि त्या बारीक आवाजाने आईच्या काळजाचं पाणी झालं होतं.

सडकेच्या कडेला खडी फोडायचं सरकारी काम चालू होतं. शे-दोनशे बायाबाप्ये ऊन डोक्यावर घेऊन दगड फोडत बसलेले. त्यातली एक बाई हातोडी ठेवून उठली आणि आईच्या आडवी आली. भामाबाई तिचं नाव, दिंद्रुडच्याच बौद्ध वस्तीतली. तिने झोळीत वाकून माझ्याकडे बघितलं आणि आईला विचारलं की पोरगी किती दिवसांची उपाशी आहे. आईने सांगितलं. भामाबाईने आपल्या मडक्यातून तांब्या भरून आणला आणि पुढे धरताना क्षणभर थांबली.

"आमच्या हातचं चालंल का बाई?"

आई म्हणाली, "हाताचं काई न्हाई. मेंढरं पेली न्हाईत अजून."

भामाबाईला ते आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती चिडली. "मेंढरांचं त्यांचा मालक बघंल. ह्या लेकराचं कोन बघायचं? तू न्हाई पेलीस तर दूध कुटून येईल?"

आई प्याली. एक तांब्या, मग दुसरा. भामाबाईने तिला काठ्यांवर बांधलेल्या आपल्या लुगड्याच्या सावलीत बसवलं, अर्धी भाकरी दिली, आणि तासाभराने तिला दूध आलं. फार नाही, पण आलं. आई म्हणायची की त्या तांब्यातलं पाणी कोमट होतं आणि त्याला मडक्याच्या मातीचा वास होता, आणि त्याच्यासारखं पाणी ती पुन्हा कधी प्याली नाही. मी जगले ती त्या पाण्यावर. त्यामुळे पुढचं जे घडलं त्यात माझाही हात आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

पोट निवलं आणि मन खायला लागलं. मेंढरं कुठेतरी उन्हात जिभा काढून चालत असतील, सासरा त्यांच्यामागे ओठ फुटलेल्या तोंडाने चालत असेल, आणि आपण दोन तांबे रिचवून आलो. त्या काळच्या एकोणीस वर्षांच्या सुनेला असल्या गोष्टीची भीती नुसती सासऱ्याची वाटत नसे, देवाचीही वाटे. आईने चालता-चालता मनाशी ठरवलं की आता आज मेंढरं पिईपर्यंत पाण्याकडे बघायचंसुद्धा नाही. एकदा मोडला तो मोडला, आता तरी नीट पाळायचा. सगळा घोटाळा ह्या ठरवण्यात झाला.

दिंद्रुड मागे टाकून दोन-अडीच कोस गेल्यावर सडकेपासून आत एक मोकळं मैदान लागलं. कुडाचे मांडव उभे, खुंट्यांच्या रांगा, सगळीकडे वाळलेलं शेण. तिथल्या एका सोसायटीने जनावरांची छावणी उघडली होती, ती उठून दुसरीकडे गेली होती. विहीर कोरडी ठणठणीत. पण मांडवाच्या टोकाला गुडघ्याएवढ्या भिंतीचा एक लांबलचक सिमेंटचा हौद होता आणि तो पाऊणभर भरलेला होता. पाणी नितळ, तळ दिसत होता.

आजी आधीच पोचून हौदाजवळ बसली होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि आई म्हणते, आजीच्या डोळ्यांतही पाणी आलं. गुरांची जागा, गुरांचा हौद, म्हणजे पाणी गुरांचंच असणार. त्यात शंका घेण्यासारखं काय होतं? पुढे कितीतरी वर्षांनी मी आईला विचारलं की एवढ्या दुष्काळात भरलेला हौद उघडा पडलाय आणि एक माणूस घागर घेऊन आलेलं नाही, एक कावळा काठावर नाही, हे खटकलं नाही? आई म्हणाली की खटकलं, पण आम्हाला वाटलं, बिरोबाने आमच्यासाठी राखून ठेवलंय.

दोघी बसल्या. दोन तास बसल्या. आजीने घोड्या लांब बांधल्या, त्यांनी पाण्याकडे ओढ घेऊ नये म्हणून. आईने बोटसुद्धा बुडवलं नाही. माझ्या कपाळावर ठेवायला फडकं ओलं करावं असं तिच्या मनात आलं आणि तिने तेही केलं नाही. सकाळचं पाणी पोटात असल्यामुळे तिला नेम पाळणं जमलं. ती खरोखर तहानलेली असती तर हौदाशी एकटी सापडताच तिने ओंजळ तोंडाला लावली असती. तिने मला तसं शपथेवर सांगितलं आहे. एक ओंजळ, आणि सगळं उमगलं असतं.

ऊन कललं तेव्हा मेंढरं आली. लांबूनच त्यांना पाण्याचा सुगावा लागला आणि जी पावलं उचलत नव्हती ती धावायला लागली. आजोबा काठी आडवी धरून पुढे पळाले. त्यांचं एक शिस्तीचं काम होतं ते बघण्यासारखं असायचं, म्हणतात. वीस-वीस मेंढरं सोडायची, ती पिऊन बाजूला झाली की पुढची वीस. कुणी चेंगरायचं नाही, कुणी हौदात पडायचं नाही. वडील दुसऱ्या बाजूने अडवत होते. मेंढरं मान न उचलता पीत होती. आजोबांच्या ओठांतून रक्त आलेलं होतं आणि ते हौदापासून दोन हातांवर उभे राहून मेंढरांना शाबासकी देत होते. शेवटी मागे राहिलेली लंगडी, म्हातारी आणि कोकरं तेवढी उरली.

तेवढ्यात कुत्र्यांनी धीर सोडला आणि नंबर मोडून ती हौदाशी आली. त्यातल्या थोरल्या कुत्रीने नाक खाली नेलं, जीभ लावली, आणि ती मागे सरली. मग दुसऱ्या कुत्र्यानेही तेच केलं. आजोबांनी ते पाहिलं. आई म्हणते की त्यांचा चेहरा तिने तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी काठी टाकली, आयुष्यात पहिल्यांदाच मेंढरं प्यायची राहिलेली असताना ओंजळ भरली, तोंडात घेतली आणि थुंकली. म्हणाले, "खारट हाय. कडूबी." आणि उरलेल्या मेंढरांपुढे हात पसरून आडवे उभे राहिले.

मांडवाच्या सावलीला गेलेली पहिली मेंढी तोवर थरथरायला लागली होती. तोंडाला फेस, पोट फुगून ढोलासारखं टणक, पाय ताठ. मग तिच्या शेजारची. मग एकदम पाच-सहा. आजीने पोटफुगीवर माहीत होते ते सगळे इलाज केले. तेल पाजलं, कुशी चोळल्या. वडील जवळच्या वस्तीवर ताक मागायला धावत गेले. त्या साली ताक कुणाकडे असणार? एका म्हातारीने मूठभर चिंच दिली. चिंचेचा कोळ करायला पाणी लागतं. पाणी होतं ते हौदातलं.

दिवस मावळायच्या आत एकशे पासष्ट मेंढरं गेली. आई सांगायची की मेंढरू मरताना ओरडत नाही अशी तिची समजूत होती, त्या दिवशी ती चुकीची निघाली. एवढ्या ओरडण्यात मी मात्र शांत झोपले होते, पोटात दूध घेऊन.

वस्तीवरून निरोप गेला असावा, कारण सकाळी सोसायटीचे चेअरमन सुंदरराव जीपमधून आले. पांढरा सदरा, पायात चांगल्या वहाणा. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं बघितलं आणि मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले. मग त्यांनी सांगितलं ते असं. कडबा संपल्यावर सोसायटीने साखर कारखान्यातून उसाची चिपाडं आणून गुरांना घालायला सुरुवात केली होती. नुसत्या चिपाडात कस नसतो, म्हणून त्यावर युरियाचं पाणी आणि मळी शिंपडायची. जनावरांच्या डॉक्टरांनीच शिकवलं होतं, बेताने घातलं तर गुरांना मानवतं. हौद नुसत्या युरियाच्या पाण्याचा होता, मळी वेगळी असायची. शेवटचं पाणी कालवून ठेवलं आणि चिपाडांची लॉरी आलीच नाही. तेवढ्यात विहीर आटली आणि छावणी हलवावी लागली. आसपासच्या गावांत त्यांनी दवंडी दिली होती. सगळ्यांना ठाऊक होतं. चालत येणारा वाडा ह्या वाटेने जाईल हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"आन् भिंतीवर तांबड्या रंगानं लिवलंय की," ते म्हणाले, पण हळू आवाजात.

आजोबा म्हणाले की लिहिलं असेल, पण आमच्या मेंढरांना वाचता येत नाही. सुंदररावांनी मान खाली घातली. त्यांनी दोन माणसं लावून मोठा खड्डा खणून घेतला, आणि मी पुढे चौकशी केली तेव्हा कळलं की सोसायटीच्या पुढच्या सभेत ह्या घटनेबद्दल दुःख व्यक्त करणारा ठराव मांडला गेला, त्याला अनुमोदन मिळालं, आणि तो एकमताने मंजूर झाला. मी शिक्षिका आहे, ठरावाची भाषा मला वाचता येते. चांगली भाषा होती.

जीप गेली. खड्डा बुजला. सत्तेचाळीस मेंढरं उरली होती, बहुतेक लंगडी आणि म्हातारी. आजोबांना युरियाचं काही पटलेलं नव्हतं. म्हणजे पाण्यात विष होतं हे पटलं, पण ते विष आपल्याच वाटेत का आलं, ह्याचं उत्तर त्यांना जीपवाल्याकडून नको होतं. त्यांनी सगळ्यांना मेंढरांसमोर उभं केलं, प्रत्येकाच्या हातावर बिरोबाचा भंडारा ठेवला आणि विचारलं.

"काल मेंढरांच्या आधी कोन पेलं?"

 आईच्या तळहातावरची हळद घामाने भिजली. ती बोलायला तोंड उघडणार तोच शेजारून आजी म्हणाली, "म्या पेले." आईला वाटलं की सासू आपल्याला वाचवायला खोटं बोलतेय, तिला सगळं कळलंय. पण आजी खोटं बोलत नव्हती. दिंद्रुडात एका ओळखीच्या दारात ती थांबली होती आणि तांब्याभर पाणी पिऊन तोंड पुसून पुढे निघाली होती. मग वडील खाली बघत म्हणाले की मीही, मोट थांबलेल्या एका विहिरीवर, एका शेतकऱ्याच्या बादलीतून. मेंढरांचं तोंड दुसरीकडे वळवून. आणि शेवटी आईने आपलं सांगितलं. मडकं कुणाचं होतं तेही सांगितलं. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

म्हणजे त्या दिवशी हौदाशी जी माणसं ताठ मानेने नेम पाळत बसली होती ती सगळी चोरून पिऊन आलेली होती. खरोखर तहानलेला असा एकच माणूस होता, आणि तो सगळ्यांत शेवटी पोचला.

आजोबा खाली बसले. त्यांनी डोक्याचा पटका काढून मातीत ठेवला आणि म्हणाले, "बगा. तुमच्या पान्यानं मारली माझी मेंढरं."

इथे आईने जे केलं ते तिने का केलं हे तिलाही कधी नीट सांगता आलं नाही. पाच महिन्यांची पोर कडेवर, हातात भिजलेला भंडारा, आणि ती सासऱ्यासमोर बोलली. त्याआधी तिने त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर सरकू दिला नव्हता.

"मामा, सकाळी पेलो म्हनून न्हाई मेली. हितं आमी दोघी दोन तास बसलो. येक घोट घेतला असता तर कळलं असतं. हितं आदी पेलो न्हाई, म्हनून मेली."

वडील तिच्या अंगावर धावून गेले. आजीने त्यांना धरलं. आजोबांनी मात्र मान वर केली नाही. त्यांनी पटका झटकून डोक्याला बांधला आणि मेंढरांना हाक दिली. वाडा चालू लागला. आईला वाटलं की आपलं म्हणणं हवेत गेलं.

पुढचे दोन दिवस नुसतं चालणं होतं. वाटेत एका गावाने आपल्या पिण्याच्या आडातून मेंढरांना पाणी शेंदून दिलं. ते पाणी गावच पीत होतं म्हणून प्रश्न आला नाही. मेंढरं प्याली, मग घोड्या, कुत्री, माणसं, नेहमीच्या क्रमाने. आजोबा प्याले नाहीत. आजीने तांब्या नेऊन दिला तो त्यांनी बाजूला ठेवला. संध्याकाळी मात्र, कुणी बघत नाही असं बघून, त्यांनी तो तोंडाला लावला.

तिसऱ्या दिवशी गंगा आली. गंगा म्हणजे वाळूचं पात्र. वाळूत उकरलेल्या झिऱ्यांवर माणसांची झुंबड, तिथे मेंढरांना कोण उभं करणार? खालच्या वळणावर एक डोह उरला होता. हिरवट, काठाला फेस, उन्हाने आळून गेलेला. त्याच्यावर एक माणूस दिसत नव्हता. विचारायला कुणी नव्हतं. मेंढरं त्या दिवशी प्यालेली नव्हती आणि डोह दिसताच ती सत्तेचाळीस लंगडी-म्हातारी धावायला लागली. आजोबांनी काठी आडवी घातली आणि वडिलांना ओरडून ती रोखून धरायला सांगितली.

मग ते आईकडे वळले. हौदापासून ते तिच्याशी बोलले नव्हते.

"मनकर्णे, म्होरं हो. आदी तू पी."

आईला पहिल्यांदा काय वाटलं असेल? ती म्हणायची, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वाड्याचा कायदा सासऱ्याने माझ्या बोलण्याने बदलला. ह्या वाड्यात आजवर कुणी बाई मेंढराच्या आधी पाण्याला हात लावू शकली नव्हती, आणि मला म्होरं हो म्हणतोय. ती मला कडेवर घेऊन काठाशी गेली, वाकली, फेस बाजूला सारून तिने ओंजळ भरली.

तेवढ्यात आजी लगबगीने पुढे आली आणि तिने मला आईच्या कडेवरून काढून घेतलं. मी भुकेली होते, आईच्या लुगड्याला धरून बसले होते, तर आजीने माझी बोटं एकेक करून सोडवली. म्हणाली, "हिला न्हाई. तू पी. पन हिला आत्ता अंगावर पाजू नगंस. जरा थांबू."

तेव्हा आईला कळलं.

तिने आजीकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं. वडील मेंढरं अडवण्यात फार गुंतल्यासारखे दिसत होते. आजोबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी आपलं म्हणणं ऐकून घेतलं होतं, दोन दिवस त्यावर विचार केला होता, आणि त्यांना ते पटलं होतं. कुणीतरी आधी प्यायला पाहिजे. मेंढी मेली तर वाडा मोडतो. आजी रांधायला लागते, मुलगा मेंढरांमागे लागतो, आपल्याशिवाय वाट कुणाला ठाऊक नाही. हा हिशेब त्यांनी तोंडाने मांडला नाही आणि आईला तो समजायला वेळही लागला नाही.

ती प्याली. नाही म्हणता आलं असतं का, असं मी विचारलं तर आई माझ्यावरच रागावली. म्हणाली, शहाणपण शिकवू नको, समोर सत्तेचाळीस मेंढरं जिभा काढून उभी होती. तीन ओंजळी प्याली. पाणी गढूळ होतं, शेवाळाची चव होती, आणखी काही कळलं नाही. मग ती काठावरच्या वाळूत बसली.

पहिली मेंढी किती वेळाने पडली होती हे सगळ्यांच्या चांगलं लक्षात होतं. तेवढा वेळ थांबायचं होतं. मी आजीच्या काखेत गळा काढून रडत होते. आईचे हात थरथरायला लागले तशी आजोबांनी मान पुढे काढून तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं, फेस येतोय का ते. ती भीतीने थरथरत होती. तिने हात मांड्यांखाली दाबून धरले, कारण हात थरथरताना दिसले तर मेंढरांना आणखी थांबावं लागेल असं तिला वाटलं.

काठीची सावली वीतभर सरकली तेव्हा आजोबांनी काठी उचलली. मेंढरं सुटली आणि तिच्या दोन्ही बाजूंनी, काही तिला ढकलून, काही तिच्या मांडीवरून, पाण्यात घुसली. तिला उठायला कुणी सांगितलं नाही. मला परत तिच्याकडे द्यायला आजीने आणखी थोडा वेळ घेतला.

आजोबा गेले ते चौऱ्याऐंशीत. तोवर अकरा वर्षं, प्रत्येक अनोळखी पाण्यावर, आधी आई, मग मेंढरं, मग बाकीचे. पाहुण्यांत आजोबा अभिमानाने सांगायचे की आमच्या वाड्यात पाण्याचा पहिला मान सुनेचा आहे. लोक म्हणायचे, वा. मला कळायला लागल्यापासून पाण्यावर पोचलो की मी आपणहून आईच्या कडेवरून, नंतर तिच्या शेजारून, बाजूला होऊन उभी राहायची आणि ती पिऊन झाली की तिच्या हातांकडे बघत बसायची.